दुपारच्या कुस्त्या

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सराव सामने दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास होतात. हंगामाच्या गुणतक्त्यात त्यांची नोंद होत नाही. तरीही पहिला सामना संपतो न संपतो तोच प्रेक्षकांचे निकाल लागलेले असतात. हा नवा गडी फुकट गेला, तो जुना संपला, यंदा आपल्या संघाचे काही खरे नाही. कोल्हापूर-सांगलीकडची पोरेही आता हे सामने फोनवर पाहतात आणि तितक्याच हिरिरीने मते देतात. खेळाडूची पारख करणारा प्रेक्षक ही कोणत्याही खेळाची दौलत आहे. त्याने मत देऊच नये, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण सराव सामन्यात पारख कशाची करायची, हे मनाशी पक्के नसेल तर ते मत खेळाडूवर अन्याय करते.

महाराष्ट्राने असे दोन सामने घरच्या अंगणात पाहिले आहेत. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, ऐन नवरात्रात, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज हे संघ समोरासमोर आले. एनबीएचे भारतातले हे पहिलेच सामने होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिल्या दिवशी समोर बसली होती ती प्रामुख्याने शाळकरी मुले, सुमारे तीन हजार. त्यांच्यासमोर सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशी १३०-१०६ असा सरळ विजय मिळवला.

या दोन विजयांवर जो भाळला, तो महिनाभरातच फसला. खरा हंगाम सुरू झाल्यावर पेसर्स पहिले तिन्ही सामने हरले. किंग्जवर विश्वास ठेवणाऱ्यांची अवस्था आणखी वाईट, कारण त्यांचा संघ पहिले पाचही सामने हरला. पुढे पेसर्स सावरले आणि ४५ विजय, २८ पराभव अशा कामगिरीवर पूर्व विभागात चौथे आले. किंग्ज ३१ विजय आणि ४१ पराभवांवर थांबले. मुंबईच्या गुणफलकात यातले काहीच वाचता आले नसते. पेसर्सचा आघाडीचा खेळाडू व्हिक्टर ओलाडिपो दुखापतीमुळे मुंबईत खेळलाच नव्हता. तो मैदानात परतला थेट जानेवारी २०२० मध्ये. किंग्जचे प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन त्याच वर्षी आलेले होते आणि त्यांची पद्धत खेळाडूंच्या अंगवळणी पडायची होती.

पण याच सामन्यांत एक खूण खरीही होती. पेसर्सच्या टी. जे. वॉरनने पहिल्या दिवशी ३० गुण केले. काही महिन्यांपूर्वीच फिनिक्स सन्सने त्याला केवळ रोख रकमेच्या बदल्यात पेसर्सकडे सोडून दिले होते. ज्यांनी नुसता तीसचा आकडा पाहिला, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. सराव सामन्यात असे आकडे पुष्कळांचे होतात. ज्यांनी मात्र पाहिले की चेंडू त्याच्याकडे कुठे येतो आणि नवा संघ त्याच्यावर किती भिस्त ठेवतो, त्यांना पुढचा हंगाम दिसला. त्या हंगामात वॉरनची सरासरी सामन्याला जवळपास २० गुणांची राहिली आणि १ ऑगस्ट २०२० रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने एकट्याने ५३ गुण केले. म्हणजे सराव सामना खोटा नसतो, मात्र त्यात खरे काय ते गुणफलकाबाहेर शोधावे लागते.

याचे कारण या सामन्यांच्या रचनेतच आहे. प्रशिक्षक नव्या जोड्या लावून पाहतो. ठेवणीतल्या चाली तो प्रतिस्पर्ध्याला दाखवत नाही. नावाजलेले खेळाडू थोडा वेळ खेळून बाकावर बसतात, कारण त्यांना फक्त अंग मोकळे करायचे असते. त्यांनी दहापैकी आठ फेकी चुकवल्या तरी त्यांची जागा हलत नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये मात्र वेगळीच माणसे मैदानात उतरतात. २०१९ मध्ये संघाला सराव शिबिरात वीस खेळाडू ठेवता येत होते आणि हंगामासाठी पक्क्या करारांच्या जागा पंधराच होत्या. उरलेल्यांना दुसरा मार्ग शोधावा लागतो, कोणी दुय्यम लीगमध्ये, कोणी परदेशात. ज्याला आपण सराव म्हणतो, तो या कडेच्या खेळाडूच्या पोटाचा प्रश्न असतो. एकाच सामन्यात एक जण घाम काढायला उतरतो आणि दुसरा नोकरी मिळवायला. दोघांना एकच माप लावणारा प्रेक्षक दोघांनाही ओळखत नाही.

ही दोन मापांची नजर आपल्याला बाहेरून शिकायला नको. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीच्या सगळ्या पट्ट्यात गावोगावच्या यात्रा भरतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच. फलकावर पहिल्या क्रमांकाच्या जोडीचे फोटो असतात आणि ती कुस्ती लागते दिवस कलल्यावर. पण जाणता शौकीन दुपारच्या उन्हातच आखाड्याकडेला जागा धरतो. तेव्हा लढत असतात ती बारीक इनामावरची पोरे. हलगी तीच असते, माती तीच असते. तो शौकीन कोण चीतपट झाला एवढेच पाहत नाही. खाली गेल्यावर पोरगे डोके लावते की नुसतेच पडून राहते, पट फसला तरी पुन्हा पटालाच जाण्याची छाती आहे का, दम कुठवर पुरतो, हे तो पाहतो. हरलेल्या पोराच्या हातातही तो बक्षिसाची नोट ठेवतो आणि कोणत्या तालमीचे, वस्ताद कोण, ते विचारून घेतो. दोन वर्षांनी तेच पोर वरच्या जोडीत आले तर त्याला नवल वाटत नाही. नामवंत पैलवान एखाद्या लहान मैदानात बरोबरीत सुटला म्हणून तो त्याला मोडीतही काढत नाही.

हीच नजर बास्केटबॉलला लावता येते. उंच उडी आणि लांबची फेक कोणालाही दिसते. जाणत्याने पाहावे ते पाय. बचावात खेळाडू पाय हलवतो की हात पसरून उभा राहतो? चेंडू हातून गेल्यावर मान खाली घालतो की पळत मागे येतो? चेंडू नसताना तो काय करतो? मोकळा सहकारी त्याला दिसतो का? या गोष्टी सरावातही लपत नाहीत आणि प्रतिस्पर्धी कच्चा आहे म्हणून बदलतही नाहीत. फेक आज लागते, उद्या लागत नाही. सवयी मात्र हंगामभर सोबत राहतात. म्हणून नावाजलेल्या खेळाडूबद्दलचे मत हंगामाचे आठ-दहा सामने होईपर्यंत राखून ठेवावे. नवख्याबद्दल मात्र तिथल्या तिथे बोलावे आणि चांगले दिसले ते आधी बोलावे, कारण त्याच्या वाट्याला पुढचा सामना येईलच असे नाही.

हे अमेरिकेतल्या कोट्यधीश खेळाडूंपुरते असते तर त्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. पण हीच सवय आपल्या मैदानांवर उतरते आहे. शाळा-महाविद्यालयांचे बास्केटबॉल संघ असोत की कोल्हापुरातले तालमींचे फुटबॉल संघ, हंगामाआधी सगळेच सराव सामने खेळतात. एका चुकीची वीस सेकंदांची चित्रफीत संध्याकाळपर्यंत पेठभर फिरते आणि सतरा वर्षांच्या पोराला तिच्यावरून नाव पडते. असे नाव पडलेले पोर पुढच्या सामन्यात नवे काही करून पाहत नाही. चेंडू आला की जवळच्याला देऊन मोकळे होते. सरावाचा हेतू तिथेच संपतो. नुकसान त्या पोराचे होते आणि त्याहून अधिक संघाचे, कारण त्या पोराला काय जमू शकते हे आता कोणालाच कळणार नसते.

यावर उपाय साधे आहेत. सराव सामना असेल तर आयोजकांनी तसे स्पष्ट सांगावे. आज काय करून पाहणार आहोत, हे प्रशिक्षकाने आधी दोन वाक्यांत प्रेक्षकांना सांगावे. प्रेक्षकांनी पहिली फळी बाहेर बसल्यावर घरी न जाता शेवटची दहा मिनिटे थांबावे. चुकीची चित्रफीत पुढे पाठवू नये. खेळाच्या खऱ्या जाणकाराला पराभवातला गुणी खेळाडू ओळखता आला पाहिजे. ज्या गावात असे प्रेक्षक असतात, तिथल्या पोरांना धाडस करायला भीती वाटत नाही आणि तिथेच मोठे खेळाडू घडतात.