पडद्यावरचा रुग्ण

आमच्याकडे उसाचा गाळप हंगाम आणि डॉक्टरांच्या परिषदांचा हंगाम साधारण एकाच वेळी सुरू होतो. शनिवार-रविवारी पुणे, मुंबई, कोल्हापूर इथल्या सभागृहांत डॉक्टर जमतात, एकमेकांचे अनुभव ऐकतात. त्याची गरजही आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं, तर अशा कार्यक्रमांतून ३० क्रेडिट तास मिळवावे लागतात. डॉक्टर शिकत राहिला तर फायदा रुग्णाचाच होतो. पण ज्याच्या आजारावर चर्चा चालते, तो रुग्ण सभागृहात नसतो. त्याच्या वतीनं तिथं कोण बोलतं, हा आजचा प्रश्न आहे.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेत मी कुष्ठरोगाच्या उशिरा होणाऱ्या निदानावर बोललो. रुग्ण कोऱ्हाळ्याच्या पंचक्रोशीतला, तिशीतला. फोटो काढताना ‘कागदाला लावायचा आहे’ एवढंच मी त्याला सांगितलं होतं. स्लाइडवर डोळ्यांना काळी पट्टी लावली आणि आपण नियम पाळला, असं मानून मोकळा झालो. हातावरचं गोंदण मात्र स्पष्ट दिसत होतं. खाली वय, व्यवसाय आणि गावही लिहिलं होतं. सभागृहातल्या कुणीतरी तो फोटो मोबाइलवर टिपला आणि व्हॉट्सअॅपच्या एका गटातून दुसऱ्या गटात फिरत तो महिन्याभरात रुग्णाच्या मेव्हण्यापर्यंत पोहोचला.

“डॉक्टरसाहेब, माझा हात तुम्ही सगळ्यांना दाखवला का?” एवढंच त्यानं विचारलं. पुढच्या महिन्यात तो गोळ्या न्यायला आला नाही. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, दाराला कुलूप होतं. वर्षभरानं तो परत आला, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं वाकली होती. औषध चालू राहिलं असतं तर हे टळलंच असतं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण औषध थांबलं ते माझ्या स्लाइडमुळे, एवढं नक्की.

कुष्ठरोग बरा होतो. बहुविध औषधोपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात आणि ते सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्यानं कमी होतो. तरीही गावात ती चिठ्ठी कपाळावर चिकटली की सोयरीक मोडते, पंगतीत ताट बाजूला पडतं. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, वंध्यत्व यांचीही तीच गत. अशा आजारांत गुप्तता हा उपचाराचाच भाग असतो. ती मोडली की रुग्ण दवाखाना सोडतो.

कायदा याबाबत गप्प नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे राष्ट्रीय नियम सांगतात, की उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपितं उघड करायची नाहीत आणि ओळख पटेल असा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय नियतकालिकात छापायची नाही. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. अडचण अशी, की छायाचित्रांचा तो नियम लिहिला गेला तेव्हा प्रत्येक श्रोत्याच्या खिशात कॅमेरा नव्हता. आज पडद्यावर दिसलेलं छापल्यापेक्षा वेगानं पसरतं.

डोळ्यांवरची काळी पट्टी पुरेशी नाही, हे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनंही स्पष्ट केलं आहे. शहरात ‘३५ वर्षांचा ड्रायव्हर’ म्हटलं तर हजारो माणसं निघतील. गावाचं नाव जोडलं तर चार निघतील, आणि गोंदण दिसलं तर एकच. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेलं नाव तर कित्येकदा तसंच पडद्यावर येतं.

यावर काहीजण म्हणतील, की मग फोटो दाखवायचेच नाहीत का? दाखवायला हवेत. त्वचेवरचा फिकट, बधिर चट्टा चित्रात पाहिलेला तरुण डॉक्टर तो पुढं शंभर रुग्णांत ओळखेल. बंदी नको, शिस्त हवी. परिषदेच्या नोंदणी अर्जावरच काही अटी असाव्यात. रुग्णाची लेखी संमती घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत, हे वक्त्यानं आधी लिहून द्यावं. फोटो काढू नये अशा स्लाइडवर तशी खूण असावी, आणि ती मोडणाऱ्याला अध्यक्षांनी तिथंच थांबवावं.

नियम उपस्थितांच्या संरक्षणासाठीही हवेत. नोंदणीसाठी दिलेला मोबाइल नंबर औषध कंपन्यांच्या हाती कसा जातो, हे आयोजकांनी सांगायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभाच संमती आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुली परिषदेला येतात, तेव्हा तक्रार कुणाकडं करायची ते नाव आणि नंबर त्यांच्या हाती असावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकानं पुरवलेला प्रवासही येतो. रात्रीचं जेवण ‘अनौपचारिक’ होतं, ही सबब चालणार नाही.

आता वाचकांसाठी. डॉक्टरांनी फोटो काढायला मोबाइल उचलला, तर विचारा, ‘हा कशासाठी? कुठं दाखवणार?’ उपचाराला दिलेली संमती ही फोटो दाखवायला दिलेली संमती नसते. तुम्ही नाही म्हणू शकता, आणि नाही म्हटल्यानं उपचारांत फरक पडता कामा नये. पडला, तर वरिष्ठांकडं तक्रार करा.

तो रुग्ण आता बरा आहे. वाकलेल्या बोटांसह ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. गेल्या वर्षी पुन्हा एका व्याख्यानासाठी त्याच्या हाताचा फोटो हवा होता. या वेळी मी त्याला स्लाइड दाखवली, गोंदण आणि गाव काढून टाकलं, कागद वाचून दाखवला. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हणाला. मी त्याच्या फोटोशिवाय बोललो. व्याख्यानाचं काही अडलं नाही.