शास्त्रदानाचे नवे क्षेत्र

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली आहेत. पैकी आहार व औषध यांसाठी आपल्या व्यापारी बांधवांचा हात सदैव सैल असतो. शास्त्रदान मात्र बहुधा ग्रंथ छापून वाटण्यापाशी थांबते. नव्या ज्ञानाच्या शोधालाही त्यात स्थान मिळावे, असे आमचे नम्र मत आहे.

हेन्री वेलकम हा औषधांचा व्यापारी. १८८० साली त्याने लंडन येथे भागीदारीत पेढी काढली. १९३६ मध्ये तो निवर्तला, तेव्हा मृत्युपत्रान्वये पेढीची मालकी विश्वस्तांकडे गेली व तिचे उत्पन्न वैद्यकीय संशोधनास लागू झाले. याच निधीतून, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या साह्याने, १९९३ मध्ये केंब्रिजजवळील हिंक्स्टन गावी सँगर संस्था सुरू झाली. देहाच्या घडणीचा जो लेख आपल्या पेशींत असतो, त्यास शास्त्रज्ञ जीनोम म्हणतात. मानवाच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या लेखाचा जवळजवळ तृतीयांश या एका संस्थेने वाचला.

१९९६ साली बर्म्युडा येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी, वाचलेला मजकूर चोवीस तासांत सर्वांस खुला करावा, असे ठरविले. सँगर संस्थेचे पहिले संचालक जॉन सल्स्टन हे त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. १९९८ मध्ये सेलेरा ही अमेरिकन कंपनी हेच काम नफ्यासाठी करू लागली, तेव्हा वेलकम निधीने आपले साह्य वाढविले. २००३ मध्ये प्रकल्प समाप्त झाला, तो सारा मजकूर कोणाही संशोधकास विनामूल्य खुला ठेवूनच.

नफ्यास आमचा विरोध नाही. त्यावरच आपली घरे चालतात. सेलेराच्या स्पर्धेने कामास वेग आला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दुकानातील माल आपण मोल देऊन आणलेला असतो. मनुष्यमात्राच्या देहातील लेख कोणी खरेदी केलेला नाही. जे सर्वांचे आहे त्यावर एकट्याने हक्क न सांगणे, हेही अपरिग्रहव्रतातच बसते.

अशा कार्याचे फळ लवकर हाती येत नाही, आणि दात्याचे नाव कोरावयास भिंतही मिळत नाही, ही अडचण खरी. वेलकमच्या निधनानंतर सत्तावन्न वर्षांनी सँगर संस्था उघडली. तथापि मुद्दल गुंतवून धीर धरणे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून आपल्या संघाने धर्मादाय निधीचा दहावा हिस्सा आनुवंशिक रोगांच्या संशोधनासाठी राखून ठेवावा. अट एकच, जे हाती लागेल ते सर्वांस खुले असावे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी याचा विचार करावा, ही विनंती.