सीडी सापडली भो!

सीआयए म्हटलं की आपण उगाच टरकतो. त्यावर औषध म्हणजे कोएन बंधूंचा २००८चा 'बर्न आफ्टर रीडिंग'. चिडून नोकरी सोडलेला एक अधिकारी आठवणी लिहितो, त्यांची सीडी जिममध्ये सापडते आणि तिथल्या दोघांना वाटतं, लॉटरी लागली! ब्लॅकमेल फसलं, की मंडळी थेट रशियन वकिलातीत. ब्रॅड पिट इतका येडपट दिसू शकतो?

जळगावला मावसभावासोबत पाहिला. तो धुळ्यात जिम ट्रेनर आहे, त्यामुळे खो-खो हसत होता. कपाटात लपलेल्या पिटला गोळी लागली आणि स्वारी गप्प. 'मारला ना भो त्याले!'

मला मात्र लिंडा छळते. फ्रान्सेस मॅकडॉर्मंडच्या या बाईला पैसे हवेत ते कॉस्मेटिक सर्जरीसाठी. एक नाही, चार! विमा कंपनी नाही म्हणते ना. हसू नका. स्थळांना पाठवायच्या फोटोआधी मीही एका अख्ख्या लेखाचं मानधन पार्लरमध्ये उडवलंय. (स्थळाचा नकार आला तो आला.)

सिनेमात दोन माणसं जिवानिशी जातात. आणि लिंडाच्या सर्जरीचं बिल शेवटी कोण भरतं, माहितेय? सीआयए!