बोली म्हणजे दिलेला शब्द

हदीसच्या ग्रंथांत एका लिलावाची हकिकत आहे. मदिनेतील एक गरजू अन्सारी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. घरात काय आहे, असे प्रेषितांनी विचारले. अंथरायला-पांघरायला एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा एक वाडगा, एवढेच होते. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवून घेतल्या आणि जमलेल्यांना विचारले, हे कोण घेणार? एकाने एक दिरहम देऊ केला. यापेक्षा जास्त कोण देतो, असे पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहमचे धान्य घरी द्यायचे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायची, असे त्या माणसाला सांगण्यात आले. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी स्वतःच्या हाताने बसवला. लाकडे तोडून विकणारा तो माणूस पंधरा दिवसांनी दहा दिरहम कमावून परत आला.

रमजानमध्ये ही हकिकत सांगितली जाते ती कष्टाच्या कमाईचे मोल पटवण्यासाठी. तिच्यातली एक साधी गोष्ट मात्र नजरेतून सुटते. ज्याने दोन दिरहमची बोली लावली, त्याने ते तिथल्या तिथे मोजले. तो ‘उद्या बघू’ म्हणाला असता, तर त्या घरात ना धान्य आले असते, ना कुऱ्हाड.

आज लिलाव मोबाइलवर आला आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये पिएर ओमिडियार यांनी ऑनलाइन लिलावाचे जे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ईबे म्हणून जगभर पोचले. ईबेने २००४ मध्ये भारतातले बाझी डॉट कॉम विकत घेतले आणि २०१८ मध्ये त्याचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. पण लिलाव थांबले नाहीत. जुनी नाणी, टपाल तिकिटे, काडेपेट्यांची लेबले, पितळी भांडी, किल्लीची घड्याळे यांचे सौदे आता व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच्या ग्रुपवर होतात. फरक इतकाच, की ईबेवर जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे दिले नाहीत तर विक्रेत्याला सौदा रद्द करण्याची सोय आहे. ग्रुपवर मध्ये कोणी नसते. एकीकडे वस्तू, दुसरीकडे पैसे आणि मध्ये फक्त शब्द.

समजा, एका निवृत्त शिक्षकाने आयुष्यभर जमवलेली नाणी त्यांच्या पश्चात घरच्यांनी विकायला काढली. मुलीच्या फीची तारीख जवळ आली आहे. रात्री दहाला बोली बंद होते, सर्वांत वरची बोली लावणारा अंगठा दाखवून होकार देतो. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी घरी आजारपण असल्याचे कळते. पाचव्या दिवशी फोटोत नाणे जास्त चमकत होते, अशी तक्रार येते आणि मग तो ग्रुपच सोडून जातो. दुसऱ्या क्रमांकाची बोली लावणाऱ्याने तोवर त्याच पैशांत दुसरीकडे खरेदी केलेली असते. बोली लावणाऱ्याला हा खेळ वाटतो. त्या घरात मात्र फी भरायची राहते.

अशा वेळी रमजानचा महिना आहे, सब्र करा, असा सल्ला लगेच मिळतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. कुरआनमध्ये सूरह बकराच्या २८०व्या आयतीत अडचणीत असलेल्या देणेकऱ्याला सवड द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, अशी शिकवण आहे. मध्ये एकच आयत गेली की २८२वी येते. ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत. तिचा विषय काय? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, मुदत ठरवा, साक्षीदार ठेवा. सवड देणे आणि लिहून ठेवणे या दोन गोष्टी अशा शेजारी शेजारी आहेत. जो लिहून ठेवतो तो अविश्वास दाखवत नाही, तो पुढचे भांडण टाळतो.

म्हणून बोली सुरू होण्याआधीच अटी लिहिलेल्या असाव्यात. बोली किती वाजता बंद होणार, पैसे किती दिवसांत द्यायचे, टपालखर्च कोणाचा, वस्तू परत घेतली जाईल का आणि कोणत्या कारणासाठी, मुदत टळली तर दुसऱ्या क्रमांकाला विचारले जाईल का. मुदतीआधी एक आठवण सौम्य शब्दांत करावी. मुदत संपली की ठरल्याप्रमाणे सौदा मोडावा आणि दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या बोलीच्या रकमेत विचारावे. पहिल्याचा फोटो ग्रुपवर टाकून त्याची अब्रू काढण्यात वसुली होत नाही, रोजा मात्र पोटापुरता उरतो.

सवड कोणाला द्यायची, हाही प्रश्न आहे. ज्याचे खरोखर अडले आहे तो बहुधा स्वतःहून फोन करतो, थोडे पैसे पाठवतो किंवा जमत नाही असे सरळ सांगतो. त्याला आठवडा वाढवून द्यावा, सौदा मोडायचा असेल तर मोडू द्यावा. पश्चात्ताप झालेल्या खरेदीदाराला सौद्यातून मोकळे करणाऱ्याला हदीसमध्ये मोठे पुण्य सांगितले आहे. पण ऐपत असून देणे लांबवणे हा हदीसनुसार जुलूम आहे. दोघांना एकाच मापाने मोजले, तर प्रामाणिक माणसाची सवड चुकार माणूस खाऊन टाकतो.

तिसरा माणूस अडचणीतलाही नसतो आणि चुकारही नसतो. तो भामटा असतो. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट तो पाठवतो आणि पार्सल आजच टाका म्हणून घाई करतो. चुकून जास्त रक्कम गेली, वरची परत करा, असे सांगतो. पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, असे म्हणतो. इथे सब्र कामाचा नाही, सावधपणा हवा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. स्क्रीनशॉट किंवा एसएमएस पाहून नव्हे, तर स्वतःच्या बँक खात्यात रक्कम दिसल्यावरच पार्सल बांधावे. जुन्या नाण्या-नोटांच्या विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

मात्र खरेदीदाराकडे बोट दाखवणाऱ्या विक्रेत्याचे हातही स्वच्छ असले पाहिजेत. किंमत चढावी म्हणून मित्राला किंवा भावाला खोटी बोली लावायला सांगणे, याला अरबीत ‘नजश’ म्हणतात आणि प्रेषितांनी ते मना केले आहे. आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदाही तेच म्हणतो. विक्रेत्याने खोट्या बोलीने किंमत फुगवली, तर खरेदीदाराला तो सौदा मोडता येतो. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओले धान्य लागले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. नाण्याचा झिजलेला काठ, घासून आणलेली चकाकी, तिकिटाचा फाटका कोपरा फोटोत दाखवणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणे होय. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम. विक्रेत्याने नाणे काट्यावर ठेवून फोटो टाकला आणि पार्सल बांधतानाचा व्हिडिओ काढून ठेवला, तर नाणे बदलले, खोटे निघाले, या निम्म्या तक्रारी उठतच नाहीत. फोटोत दाखवलेला दोष खरेदीदारालाही नंतर कारण म्हणून पुढे करता येत नाही.

देणे सोडून देण्याची शिकवण मराठी मुलखाला नवी नाही. तुकाराम महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा घरोघरी माहीत आहे. पण ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटीही याच मुलखातल्या दुकानांत लागते. खते बुडवण्याचा अधिकार त्यांच्या मालकाचा होता. देणेकऱ्याने ती परस्पर बुडवायची नसतात. ऑनलाइन बोली लावून गायब होणारा माणूस नेमके हेच करतो.

रमजानच्या अखेरीस दिला जाणारा फितरा ईदच्या नमाजाआधी पोचवावा लागतो. गरिबाच्या घरी ईदच्या दिवशीच चूल पेटायला हवी, म्हणून ही मुदत. पैसे किती दिले, याइतकेच ते कधी दिले हेही तिथे मोजले जाते. हाच नियम बोलीलाही लावता येईल. ईदच्या खरेदीला बाजारात निघण्याआधी प्रत्येकाने मोबाइल उघडून पाहावे. एखाद्या ग्रुपवर आपण जिंकलेली आणि विसरलेली बोली पडून असेल, तर पैसे आजच पाठवावेत. जमणार नसेल, तर तेवढे तरी कळवावे. समोरच्या घरात कोणीतरी त्या पैशांची वाट पाहत असेल.