समुद्रावरचा संसार

सागरी शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती फुगलेली शिडे, डोंगराएवढ्या लाटा आणि सुकाणू धरून उभा असलेला दाढीवाला वीर. वर्तमानपत्रांत छायाचित्रही त्याचेच छापून येते. पण या शर्यतींविषयी जसजशी वाचत गेले, तसतसे माझे मत पक्के होत गेले, की ही कहाणी जितकी सुकाणूची, तितकीच चुलीची आहे.

कल्पना करा. साठ-पासष्ट फुटांची नौका, तिच्या पोटात दहा-बारा माणसे आणि पुढचा महिनाभर जमिनीचे दर्शन नाही. बहुतेक ठिकाणी चार तास काम, चार तास विश्रांती अशी पाळी रात्रंदिवस चालते. त्या विश्रांतीतच ओले कपडे उतरवायचे, खायचे, पाठ टेकायची आणि पुन्हा तेच ओले कपडे अंगावर चढवायचे. अनेक नौकांवर स्वतःचे अंथरूणही नसते. एक उठला की त्याच्या उबेत दुसरा शिरतो. नौका सदैव एका कुशीवर कललेली, म्हणून झोपलेला माणूस घरंगळू नये यासाठी कडेला कापड ताणून बांधतात. शेगडीही झुलती, नाहीतर पातेले लवंडायचे! वजन वाढले की वेग घटतो. म्हणून सुकवलेल्या अन्नाच्या पाकिटांत गरम पाणी ओतून जेवण उरकायचे. आधुनिक शर्यतींत पिण्याचे पाणी यंत्राने समुद्रातूनच गाळून घ्यायचे. तिथे आंघोळीची चैन कुठली? वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की शिडे, पिशव्या, अन्न असा सारा पसारा उचलून वरच्या कुशीला रचायचा. चाळीतल्या एका खोलीत दहा जणांचा संसार आपल्याला ठाऊक आहे. पण निदान ती खोली तरी जागची हलत नसे.

ही सारी किरकोळ कामे वाटतात. पण झोप न झालेला माणूस चुकीचा दोर सोडतो, उपाशी माणूस थंडीने लवकर गारठतो आणि खाऱ्या ओलीने अंगावर फोड आले की हात चालत नाहीत. आपल्याकडच्या जहाजांवर स्वयंपाक्याला ‘भंडारी’ म्हणतात. भांडार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्यांचे बळ, हे त्या शब्दातच आले.

आणि तरीही या कामाला मान नव्हता. ट्रेसी एडवर्ड्स ही ब्रिटिश तरुणी १९८५-८६ च्या ‘व्हिटब्रेड’ जागतिक शर्यतीत पुरुषांच्या नौकेवर स्वयंपाकीण म्हणून गेली. त्या काळी शर्यतीत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. पुढच्या शर्यतीसाठी तिने घर गहाण टाकले, ५८ फुटांची जुनी नौका घेतली आणि मैत्रिणींच्या मदतीने ती दुरुस्त केली. प्रायोजक मिळेनात, तेव्हा जॉर्डनचे राजे हुसेन मदतीला धावले. सप्टेंबर १९८९ मध्ये साउदम्पटनहून निघालेल्या ‘मेडन’वर सगळ्या स्त्रियाच होत्या. पत्रकार पुरुषांना डावपेच विचारत, यांना मात्र विचारत, ‘भांडणे होत नाहीत का?’

उत्तर समुद्रानेच दिले. पुंता देल एस्ते ते फ्रीमँटल हा साडेसात हजार सागरी मैलांहून लांब, हिमनगांच्या वाटेचा टप्पा ‘मेडन’ने आपल्या गटात जिंकला. त्याच टप्प्यात ‘क्रायटन्स नॅचरली’ या नौकेवरून दोघे समुद्रात फेकले गेले. एक वाचला, अँथनी फिलिप्स मात्र गेले. त्या वाचलेल्या माणसाच्या उपचारासाठी ‘मेडन’वरच्या डॉक्टर क्लेअर यांनी रेडिओवरून सल्ला दिला. ‘मेडन’ने पुढचा टप्पाही जिंकला आणि मे १९९० मध्ये ती आपल्या गटात दुसरी येऊन परतली.

हीच नौका २०२३-२४ च्या ‘ओशन ग्लोब’ शर्यतीत पुन्हा उतरली आणि जिंकलीही. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत केवळ स्त्रियांच्या ताफ्याने मिळवलेला हा पहिला विजय. त्या ताफ्यात आपली पायल गुप्ता होती. २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून ‘तारिणी’ नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, त्यांतलीच ती एक.

कोणी म्हणेल, शर्यत वेगळी, घर वेगळे. मला तसे वाटत नाही. घरातही पाळ्या असतातच. फक्त एकाच माणसाची पाळी कधी संपत नाही. नौकेवर दमलेल्याला झोपू देणे हा उपकार नसतो, ती सगळ्यांच्या सुरक्षिततेची गरज असते. मग घरात सकाळी पाचला उठणाऱ्या बाईने दुपारी अर्धा तास पाठ टेकली, तर तो आळस कसा? ‘दिवसभर घरीच तर असतेस’ हे वाक्य भर समुद्रात भंडाऱ्याला ऐकवण्याची कोणाची छाती होणार नाही. कारण संध्याकाळचे गरम जेवण त्याच्याच हातून यायचे असते.

पराक्रमाच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. पण त्या सांगताना सुकाणूवरच्या वीराला जेवण कोणी दिले आणि त्याचे भांडे कोणी घासले, तेही सांगावे. आणि गोष्ट संपली, की आपापले ताट उचलायला लावावे.