अर्जाची खिडकी आणि वीटभट्टीची वाट

दिवाळी सरते, खळ्यावरचे भात कणगीत जाते आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून माणसे खाली उतरू लागतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि कडेवरचे मूल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे टेम्पोत बसतात आणि भिवंडी, वसई, वाड्याकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. ती परततात ती होळीला, नाही तर थेट पावसाच्या तोंडाशी. नेमक्या याच दिवसांत दिल्लीतील एनटीए, म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्था, आपल्या संकेतस्थळावर अर्जाची एक खिडकी उघडते. देशभरातील एनआयटी, ट्रिपल आयटी आणि पुढे आयआयटी यांच्या प्रवेशाची पहिली पायरी असलेल्या जेईई मेन परीक्षेची ही खिडकी. जानेवारी २०२५ च्या फेरीसाठी ती २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन वसुबारसेच्या दिवशी उघडली आणि २२ नोव्हेंबरला मिटली. पुढच्या वर्षीही ती ऑक्टोबरच्या अखेरीस उघडून नोव्हेंबर संपण्यापूर्वीच बंद झाली.

मुंबई-पुण्यातील घरांत हे दिवस आधीच दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवलेले असतात. आश्रमशाळेत बारावी विज्ञानाला बसलेला मुलगा मात्र या दिवसांत सुट्टीमुळे पाड्यावर असतो. वसतिगृहाला कुलूप, गुरुजी आपल्या गावी, आणि मोबाईलला रेंज हवी तर टेकडी चढायची. आधारशी जोडलेला घरातला एकमेव क्रमांक वडिलांच्या खिशात वीटभट्टीवर गेलेला. ओटीपी तिकडे येणार आणि अर्ज इकडे अडणार! या मुलाला भौतिकशास्त्र येत नाही म्हणून तो आयआयटीत गेला नाही, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने आधी एवढे सांगावे, की त्याच्या भौतिकशास्त्राची परीक्षा कोणी घेतली होती काय?

जव्हार आणि मोखाडा ही नावे उर्वरित महाराष्ट्राला माहीत झाली ती दुर्दैवाने बालमृत्यूंमुळे. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बातम्यांनी राज्य हादरले आणि तेव्हापासून या तालुक्यांकडे पाहण्याची एक ठरावीक नजर तयार झाली. येथे पोषण आहार पाठवावा, कपडे वाटावेत, छायाचित्रे काढून परतावे. या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलांना जगवण्यासाठी समाजाने इतकी धडपड केली, ती मोठी होऊन काय होणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हा प्रदेश काही कालचा नव्हे. मुकणे घराण्याचे महादेव कोळी राज्य येथे कित्येक शतके नांदले, आणि सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवछत्रपतींचा मुक्काम शिरपामाळला पडला होता, ही आठवण जव्हारकर आजही अभिमानाने सांगतात.

अभियांत्रिकी म्हणजे काय, हेदेखील मोखाड्याला कोणी शिकवायला नको. तालुक्यातील कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण उभे आहे. शंभर मीटरहून उंच, रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे हे धरण मुंबई महानगरपालिकेने बांधले आणि २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, आणि त्याच मोखाड्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. डोंगराच्या पोटातून महानगरापर्यंत पाणी नेणारी बुद्धी ज्या शिक्षणातून घडते, ते शिक्षण या पाड्यांवरील मुलामुलींनी का घेऊ नये?

घेता येईल, हे आधी त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना पटले पाहिजे. येथेच मोठे अज्ञान आहे. जेईई म्हणजे कोटा, लाखांचे शिकवणी शुल्क आणि इंग्रजी बोलणारी मुले. आपला तिथे काय पाड लागणार, ही समजूत इतकी घट्ट आहे की नियम वाचण्याचे कष्टही कोणी घेत नाही. नियम काय सांगतात? जेईई मेनच्या बी.टेक.साठीच्या पेपरात भौतिक, रसायन व गणित मिळून ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. (राज्य मंडळाच्या परीक्षेत आणि राज्याच्या सीईटीत गुण वजा होत नसल्याने आपली मुले सवयीने सगळी उत्तरे ठोकून देतात आणि मिळवलेले गुणही घालवून बसतात.) जानेवारी व एप्रिल अशा दोन फेऱ्यांपैकी ज्या फेरीचा निकाल चांगला, तो धरला जातो. निकाल मात्र गुणांत नव्हे, पर्सेंटाईलमध्ये लागतो, आणि खरा घोटाळा होतो तो इथे.

परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते; प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. म्हणून त्या त्या सत्रातील किती परीक्षार्थी आपल्या बरोबरीने अथवा मागे आहेत, एवढेच पर्सेंटाईल सांगते. ते टक्के नव्हेत. या परीक्षेत शेकडा ४८ गुण मिळवणारा विद्यार्थी पर्सेंटाईलच्या हिशेबात नव्वदीच्या पलीकडे गेलेला असतो. उलट ४८ पर्सेंटाईल हा आकडा पाहून घरी ‘नापास’ म्हणून रडणाऱ्या मुलास हे कोणी सांगत नाही, की २०२५ मध्ये अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी जेईई ॲडव्हान्स्डला बसण्याची पात्रता ४७.९० पर्सेंटाईल होती. त्याआधीच्या वर्षी ती ४६.७० च्या आसपास होती. चौदा लाखांहून अधिक परीक्षार्थींमधून ॲडव्हान्स्डसाठी अडीच लाख निवडले जातात आणि साडेसात टक्क्यांप्रमाणे त्यांतील १८,७५० जनजाती समाजाचे असतात. जव्हारच्या मुलाची स्पर्धा खुल्या गटातील ९३ पर्सेंटाईलशी नव्हे, तर या १८,७५० जणांत येण्याशी आहे.

हे आकडे वाचून काही सुशिक्षित घरांत भुवया उंचावतील. ‘आमच्या मुलाला ९२ पर्सेंटाईल मिळवून दार बंद, आणि तिकडे ४८ वर प्रवेश?’ अशा प्रश्नामागील वेदना खोटी म्हणता येणार नाही. पण या प्रश्नात दोन चुका आहेत. एक म्हणजे ४८ वर प्रवेश मिळत नाही. दुसऱ्या, कितीतरी कठीण परीक्षेला बसण्याची परवानगी मिळते. तेवीस आयआयटींत २०२५ साली एकंदर अठरा हजारांच्या वर जागा होत्या. त्यांतील जमातींच्या वाट्याच्या सुमारे साडेतेराशे. दुसरे असे, की एका मुलाच्या मागे दोन वर्षांची शिकवणी, अभ्यासाची स्वतंत्र खोली आणि पदवीधर आईवडील उभे आहेत, तर दुसऱ्याच्या मागे कंदील. दोघांनी एकच अंतर कापले असे मानणे हा न्याय नव्हे. आणि एकदा आत गेल्यावर पदवीची परीक्षा दोघांना सारखीच असते, तिथे कोणतीही सवलत नाही. ज्यांची तयारी थोडी कमी पडते अशा काही राखीव जागांवरील विद्यार्थ्यांसाठी आयआयटीत वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही असतो, हे किती आश्रमशाळांना ठाऊक आहे?

पैशाचा अडसर वाटतो तितका मोठा नाही. २०२५ मध्ये या परीक्षेचे शुल्क अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला पाचशे रुपये होते. आयआयटीत २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. अडचण आहे ती वेगळ्या खर्चाची. सकाळचे सत्र नऊला सुरू होते आणि त्याच्या अर्धा तास आधी केंद्राचे फाटक मिटते. जव्हारहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर; पाड्यावरून निघून पहिल्या एसटीने गेले तरी फाटक गाठणे कठीण. आदल्या रात्रीचा मुक्काम अटळ आहे. नाशिक वा ठाण्यातील एखाद्या स्नेह्याच्या घरची एका रात्रीची पथारी येथे शंभर भाषणांहून मोलाची ठरते.

भाषेचा प्रश्न अधिक खोल आहे. २०२१ पासून जेईई मेन तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. जवळ म्हणून वापी-वलसाडकडील केंद्र मागितले तर ती हातची जाते. शिवाय इंग्रजी मजकूर सोबत असतो आणि अर्थाबद्दल शंका आल्यास इंग्रजीच प्रमाण मानला जातो. आता या मुलाचा प्रवास पाहा. घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत प्रमाण मराठी. दहावीपर्यंत तो त्वरण, संवेग, विस्थापन शिकतो. अकरावीला विज्ञान शाखेत गेला की हीच मंडळी एकाएकी इंग्रजी वेषात समोर येतात आणि पुढील दोन वर्षे त्यांचे मराठी नाव वर्गात कोणी उच्चारत नाही. मग जेईईचा मराठी पर्याय निवडावा, तर बारावीतील संकल्पनांचे मराठी शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात! ॲडव्हान्स्ड तर आजही केवळ इंग्रजी व हिंदीत होते. राज्याच्या भाषा संचालनालयाने भौतिक, रसायन, गणित यांचे परिभाषा कोश केव्हाच सिद्ध केले आहेत. ते कपाटातून काढून अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापली गेली, तर प्रश्नपत्रिकेतील मराठीला काही अर्थ राहील. एरवी मातृभाषेचा हा सन्मान कागदावरचाच.

कागदांची कथा निराळी. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून ही जन्मतारीख, आधारवर १ जानेवारी. एका कागदावर आडनाव आहे, दुसऱ्यावर नाही. दाखल्यात नुसते ‘कोळी’ लिहिलेले, आणि सूचीतील नाव ‘कोळी महादेव’ किंवा ‘कोळी मल्हार’. केंद्रीय संस्थांना जमातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या प्रवेशाला त्याशिवाय जात वैधता प्रमाणपत्र हवे. यातले एकही काम बारावीच्या निकालानंतरच्या पंधरवड्यात होत नाही. त्यात भर म्हणजे अर्ज भरायला मुलगा बाजारपेठेतील संगणकवाल्याकडे जातो. तो बिचारा घाईत स्वतःचाच मोबाईल क्रमांक आणि ई-मेल टाकून मोकळा होतो. पुढे प्रवेशपत्र, निकाल, पासवर्ड सारे त्याच्याकडे, आणि मुलाच्या हाती एक झेरॉक्स.

एवढ्यातेवढ्या चुकीने काय होते, याची साक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत आहे. २०२१ मध्ये अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याची मुंबई आयआयटीतील जागा गेली, कारण शुल्क भरताना कार्ड चालले नाही. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. साडेसतरा हजार रुपये २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत भरायचे होते. पैसे जमेपर्यंत घड्याळ पुढे गेले. तीन महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील विशेषाधिकार वापरून त्याला प्रवेश दिला. हे दोघे दिल्लीपर्यंत पोहोचले म्हणून देशाला कळले. मोखाड्याच्या मुलाला तर आपली जागा गेली हेच कळणार नाही.

घाटाच्या पलीकडे नाशिक जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये ‘सुपर ५०’ हा उपक्रम सुरू केला. अनुसूचित जाती-जमातींच्या निवडक मुलांना निवासी स्वरूपात जेईई व सीईटीची तयारी त्यातून मिळते. त्र्यंबकेश्वर तालुक्याला लागूनच मोखाडा आहे, पण जिल्हा पालघर. असा उपक्रम पालघर जिल्ह्यानेही उभारावा, ही मागणी रास्त आहे. मात्र ती मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात जोडून बसण्याचे कारण नाही. शिकवणे सर्वांना जमणार नाही. अर्ज भरून देणे जमेल. गणेशोत्सवापूर्वी प्रत्येक आश्रमशाळेतील विज्ञानाच्या मुलांची यादी, दाखल्यांतील नावांची तपासणी, मुलाच्या स्वतःच्या नावाचा ई-मेल, वहीच्या मागच्या पानावर पासवर्ड, आणि वडील भट्टीवर जाण्यापूर्वी त्यांच्या फोनवरील ओटीपीची व्यवस्था. शहरातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याला चार रविवारांत हे सहज करता येईल.

एक हंगाम मात्र त्याहून अवघड आहे. निकालानंतर संस्थांचे पसंतीक्रम भरण्याच्या फेऱ्या जून-जुलैत होतात. त्या वेळी जव्हारला धो-धो पाऊस असतो, वीज जाते, आणि घरातील प्रत्येक हात आवणीला चिखलात उतरलेला असतो. जागा स्वीकारण्याची मुदत दोन-चार दिवसांची. त्या दिवसांत मुलाच्या शेजारी बसून, नागपूरच्या व्हीएनआयटीतील स्थापत्य आधी लिहावे की दूरच्या एनआयटीतील संगणक, हे समजावून सांगणारे आणि वेळेत शुल्क भरून पावती जपून ठेवणारे माणूस जव्हारात मुक्कामाला असले पाहिजे. यंदाच्या जूनसाठी ती नावे आताच ठरवावी लागतील.