देवाने माफ केलं, पण दादाचं काय?

लंडनमध्ये बँक स्टेशनातून बाहेर पडलं की कोपऱ्यावरच सेंट मेरी वूलनॉथ नावाचं जुनं चर्च लागतं. माझं ऑफिस तिथून जवळ आहे. जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी तिथे जाऊन दहा मिनिटं शांत बसतो. जॉन न्यूटन 1780 पासून शेवटपर्यंत याच चर्चचा धर्मगुरू होता. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा तो हाच. कधी चर्चची पायरी न चढलेल्यांनीही त्या गीताची चाल कुठल्या तरी सिनेमात ऐकलेली असते.

नगरला संडे स्कूलमध्ये न्यूटनची गोष्ट आम्हाला अगदी सोपी करून सांगितली जायची. तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता, समुद्रात वादळ आलं, त्याने देवाचा धावा केला, वाचला आणि पार बदलून गेला. पुढे स्वतः वाचलं तेव्हा कळलं, की गोष्ट एवढी सरळ नाही. वादळ झालं 1748 मध्ये. त्यानंतरही तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान म्हणून तीन सफरी करून आला. 1754 मध्ये समुद्र सोडला, तोही तब्येतीमुळे. त्या व्यापाराविरुद्ध आणि त्यातल्या आपल्या सहभागाबद्दल त्याने पुस्तिका काढून जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये. म्हणजे तब्बल 34 वर्षांनी!

हे वाचून आधी मला त्याचा राग आला. मग स्वतःची आठवण झाली.

पप्पा आजारी होते तेव्हा मी इथे होतो. डायलिसिस, दवाखाना, रात्रीची जागरणं, सगळं दादा-वहिनींनी केलं. मी दर महिन्याला पैसे पाठवायचो आणि तेवढ्यावर स्वतःला कर्तव्यदक्ष मुलगा समजायचो. पप्पा गेले. महिनाभराने मी दादाला फोनवर विचारलं, "एवढे पैसे पाठवले, गेले कुठे? जरा हिशोब दे." दादा काहीच बोलला नाही. आठ दिवसांनी त्याने सगळ्या बिलांचे फोटो पाठवले. बेरीज मी पाठवलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त होती. वहिनींच्या बांगड्या विकल्याचं नंतर मावशीकडून समजलं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. लाज वाटली, म्हणून केला नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत मी देवाजवळ मात्र दर रविवारी क्षमा मागत होतो. उपासनेत पापकबुलीची प्रार्थना झाली, क्षमेचं आश्वासन ऐकलं की हलकं वाटायचं. घरी येऊन निवांत जेवायचो.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे, की क्षमा ही देवाची कृपा आहे, ती कमवावी लागत नाही. वधस्तंभावरच्या त्या चोराने शेवटच्या घटकेला येशूकडे पाहिलं आणि त्याला क्षमा मिळाली. त्याने कुणाचं काही परत केलं नव्हतं. हे मी आजही मनापासून मानतो. पण त्या चोराकडे परतफेडीला वेळच उरला नव्हता. आपल्याकडे असतो. जक्कय हा जकातदार येशूला भेटला आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन, असं आपणहून म्हणाला. येशूने तर याहून स्पष्ट सांगितलंय. अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि भावाचं मन आपण दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. हा उतारा मी लहानपणापासून ऐकतोय. त्यातला भाऊ म्हणजे माझा दादा, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

म्हणूनच 'देवाने मला माफ केलं' हे वाक्य आपण फार स्वस्त केलंय, असं मला वाटतं. ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारी न जाता हे म्हणणं म्हणजे त्याच्या वाटणीची क्षमा परस्पर उचलणं आहे. देवाची क्षमा मिळाली असेल, तर तिने त्या दाराशी जाण्याचं बळ यायला हवं.

मागच्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी फोन केला. "दादा, मी चुकलो," एवढंच म्हणालो. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "मला वाटलं, तू विसरलास." बांगड्यांचे पैसे देण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "त्या माझ्या नाहीत. तिला विचार."

नाताळात नगरला गेलो तेव्हा वहिनींना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बांगड्यांचं राहू द्या, भाऊजी. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता."

सहा वर्षं मला वाटत होतं, मी फक्त दादाचा गुन्हेगार आहे. मी वहिनींचीही माफी मागितली. त्यांनी ताट वाढलं, पण माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. घाई करण्याचा हक्क मला नाही. तुटलेलं जोडायला किती वेळ लागेल हे तोडणाऱ्याने ठरवायचं नसतं. आता दर रविवारी मी नगरला फोन करतो. कधी वहिनी बोलतात, कधी नाही.

न्यूटनच्या स्मृतिशिलेवरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात त्याने आपला भूतकाळ लपवलेला नाही. क्षमा मिळालेल्या माणसाला तो लपवावा लागत नसावा.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा असा एखादा फोन राहिलेला असेल. भारतात आता रात्र झाली असेल, लोक झोपले असतील, हे कारण मी सहा वर्षं वापरलं. तुम्ही वापरू नका.